शेवटचा फ्री थ्रो, एअरबॉल आणि आधीच आत आलेला पाय : तुम्ही काय दिलं असतं?

स्कोअरटेबलवाली
नमस्कार मंडळी. प्रश्न बास्केटबॉलच्या पंचांसाठी आहे. खेळणाऱ्यांनी आणि पालकांनीही मत द्यायला हरकत नाही, तसंही देणारच आहात.

नागपुरातच १७ वर्षांखालील मुलींची मॅच होती. मी टेबलवर होते. स्कोअरशीट आणि पझेशनचा बाण (जंप बॉलची वेळ आली की बॉल कोणाला, ते दाखवणारा) माझ्याकडे. बाण म्हणजे बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लाल रंगवलेला, मधोमध ड्रॉइंग पिन. वारा आला की स्वतःच फिरतो, म्हणून त्यावर एक अंगठा कायम दाबून ठेवावा लागतो.

चौथा क्वार्टर, घड्याळात ३ सेकंद. लाल ५१, निळा ५०. निळ्याच्या मुलीला दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे थ्रो). पहिला आत, ५१-५१. दुसऱ्याच्या वेळी लालची सगळ्यात आतली मुलगी, म्हणजे बोर्डाजवळची, बॉल शूटरच्या हातातून सुटायच्या आधीच एक पाऊल आत आली. लीड पंचांनी (दोघांपैकी बोर्डाखाली उभे असतात ते) पाहिलं, पण शिट्टी दाबून ठेवली. थ्रो एअरबॉल, म्हणजे रिंगलाही लागला नाही, जाळीच्या एक हात अलीकडेच खाली पडला. तेव्हा शिट्टी वाजली आणि पंचांनी निळ्याला थ्रो परत दिला. तो आत गेला. ५२-५१. लालने बॉल आत टाकला, ३ सेकंदांत काही घडलं नाही, मॅच संपली.

लालच्या कोचचं म्हणणं : रिंगला न लागणं हे शूटरचंही उल्लंघन आहे. दोन्हीकडून चूक झाली की बाण बघायचा. आणि बाण लालकडे होता (होताच, अंगठा माझाच होता).
निळ्याच्या कोचचं म्हणणं : ती आत घुसली म्हणूनच आमच्या पोरीचा थ्रो बिघडला.

स्पर्धा कोणती, शाळा कोणत्या, पंच कोण हे विचारू नका, सांगणार नाही. नियम काय म्हणतो आणि तुम्ही काय दिलं असतं, एवढंच बोला.

तर्रीबाज
मी तर दोन्ही कोचला तर्री-पोहे दिले असते. मॅच सकाळची होती का?

पोट्टा_नंबर_७
ताई सोप्पं आहे. डिफेन्सवाली आधी आत आली, थ्रो मिस झाला, म्हणजे परत थ्रो. टीव्हीवर शंभरदा पाहिलं आहे. पंच बरोबर. लालचे कोच उगाच बोंबलून राहिले.

जुनी_शिट्टी
पोट्ट्या, टीव्हीवर तू एनबीए, म्हणजे अमेरिकेतली लीग पाहतोस. नागपुरातली शाळेची मॅच फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने होते. दोन्हींत फरक आहेत, ते नंतर सांगतो.

स्कोअरटेबलवाली, आधी तुमच्या प्रश्नाचं. फिबाच्या नियमपुस्तकात फ्री थ्रोचं कलम ४३ आहे. शूटरवर काय बंधनं आहेत ते तिथे आहे. रेषेच्या मागे आणि अर्धवर्तुळाच्या आत उभं राहायचं. पंचाने बॉल हाती दिल्यापासून ५ सेकंदांत सोडायचा. बॉल वरून बास्केटमध्ये जाईल किंवा निदान रिंगला लागेल असा टाकायचा. तो आत जाईपर्यंत किंवा रिंगला लागेपर्यंत रेषेला शिवायचं नाही, आत यायचं नाही. आणि थ्रो टाकायचं नाटक करून हात थांबवायचा नाही. म्हणजे एअरबॉल हे शूटरचं उल्लंघनच झालं, त्यावर वाद नाही.

बाजूला रांगेत उभ्या असलेल्यांनी बॉल शूटरच्या हातातून सुटेपर्यंत आपली जागा सोडायची नाही. लालच्या मुलीने सोडली. तेही उल्लंघन.

आता शिक्षा. थ्रो आत गेला आणि चूक शूटरची असेल, तर गुण नाही. आत गेला आणि चूक दुसऱ्या कोणाचीही असेल, तर गुण मोजायचा आणि चूक सोडून द्यायची. थ्रो चुकला आणि चूक विरुद्ध संघाची, तर थ्रो परत. चुकला आणि शेवटच्या थ्रोला चूक शूटरची किंवा तिच्या साथीदाराची, तर बॉल समोरच्यांना, फ्री थ्रो रेषेच्या सरळ रेषेत बाजूने. आणि शेवटच्या थ्रोला दोन्ही संघांची चूक, तर जंप बॉलची परिस्थिती, म्हणजे आपल्याकडे बाण.

अक्षरशः वाचलं तर लालचे कोच बरोबर आहेत. मी बाण दिला असता.

पोट्टा_नंबर_७
बाप्पा! म्हणजे लालने चूकही करायची आणि बॉलही त्यांनाच?

वकील_सिव्हिल_लाइन्स
पोट्ट्याने नेमकं बोट ठेवलं आहे. स्वतःच्या चुकीचा फायदा स्वतःला घेता येत नाही, हे कायद्याचं जुनं तत्त्व. आधी चूक लालची. त्या चुकीमुळे शूटरचं लक्ष उडालं, म्हणून एअरबॉल. दुसरं उल्लंघन पहिल्यातूनच जन्मलं. मग दोन्ही एकाच तराजूत कशी तोलता? नियमाचा हेतू बघा. रांगेतल्यांना थांबवायचं कशासाठी? शूटरला निर्धोक संधी मिळावी म्हणून. ती मिळाली नाही, तर परत द्यायलाच हवी. माझं मत पंचांच्या बाजूने.

जुनी_शिट्टी
वकीलसाहेब, तुमची बाजू ऐकायला गोड आहे. पण नियमात 'आधी' आणि 'नंतर' असं काही नाही, 'दोन्ही संघ' एवढंच आहे. आणि एअरबॉल लक्ष उडाल्यामुळे झाला हे कोण ठरवणार? १५-१६ वर्षांची पोरगी, ५१-५१, ३ सेकंद, चारही बाजूंनी आरडाओरडा. तिचे गुडघे आधीच थरथरत असतील. पंचाने पाय बघायचा, मन नाही.

वकील_सिव्हिल_लाइन्स
मग उद्या बाण आपल्याकडे असला की कोच बचावपटूला मुद्दाम आत घुसवेल. थ्रो बिघडला की बॉल आपला. अशी पळवाट ठेवणारा नियम असतो का?

विदर्भकन्या_पंच
मी सध्या शालेय आणि कॉलेजच्या मॅचेस करते, म्हणून यात पडते.

वकीलकाका, ही पळवाट नाही, तोट्याचा धंदा आहे. हिशेब करा. बचावपटू मुद्दाम आधी आत गेली. थ्रो आत गेला तर गुण मोजला जातो, तिच्या चुकीने काही बदलत नाही. थ्रो रिंगला लागून बाहेर आला तर शूटरला आणखी एक संधी, म्हणजे हातचा रिबाउंडही (परत आलेला बॉलही) गेला. फायदा फक्त एअरबॉल झाला तर. चुकलेले बहुतेक फ्री थ्रो रिंगला कुठे ना कुठे लागतातच, एअरबॉल क्वचित. एवढ्यासाठी कोणता शहाणा कोच हे शिकवेल? वर ती हात हलवून, ओरडून लक्ष विचलित करायला लागली तर टेक्निकल फाउलचा (गैरवागणुकीबद्दलच्या फाउलचा) रस्ता पंचाला मोकळा आहेच.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. सगळे गृहीत धरून चाललेत की लालच्या मुलीचा पाय खरंच आधी आत आला. हे पाहिलं कोणी, आणि कुठून?

दोन पंचांच्या मॅचमध्ये लीड बोर्डाखाली एका बाजूला असतो आणि समोरची रांग बघतो. ट्रेल मागे, दुसऱ्या बाजूला. तो शूटर बघतो, ५ सेकंद हाताने मोजतो आणि त्याच्या समोरची, म्हणजे लीडकडची रांग बघतो. म्हणजे पाय एकाच्या नजरेत आणि बॉल सुटणारा हात दुसऱ्याच्या. 'सुटायच्या आधी' हे ठरवायला तर पाय आणि बोटं दोन्ही एकाच क्षणी दिसायला हवीत. लीडची मान वळली की गेलं. मला शिकवलं ते असं : नजर रांगेतल्या बुटांवर ठेवायची आणि शूटरचे हात डोळ्याच्या कडेने पकडायचे. आणि शंका असेल तर ते उल्लंघन नाही. 'अर्धं पाऊल आधी वाटलं' यावर थ्रो परत द्यायचा नाही.

ताई, तुम्ही टेबलवर होतात. टेबलवरून ते पाऊल स्पष्ट दिसलं का?

स्कोअरटेबलवाली
हो, स्पष्ट. शूटरने बॉल अजून कपाळाशी नेला नव्हता आणि हिचा बूट रंगवलेल्या पट्ट्याच्या पूर्ण आत. पांढरा बूट, हिरवी लेस. लाल कोचनेही ते नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं फक्त पुढच्या निर्णयाबद्दल होतं.

पुणेकर_पाहुणा
नागपूरकरांचा नियमांचा अभ्यास पाहून आनंद झाला. आमच्याकडे असे वाद होत नाहीत, कारण आमच्या मुली फ्री थ्रो आत टाकतात.

तर्रीबाज
पुणेकर, तुमच्याकडे दुपारी १ ते ४ रिंगपण बंद असते म्हणे.

पुणेकर_पाहुणा
😂 घेतला.

धंतोलीची_आई
मला नियम कळत नाहीत, पण मुलगी खेळते म्हणून विचारते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना शेवटच्या सेकंदाला असं रडवायची गरज आहे का? थ्रो टाकल्यावर पाय रेषेला लागला म्हणून माझ्या मुलीचा चांगला आत गेलेला गुण कापला होता. ती उडी मारून टाकते, तिची ताकदच तेवढी आहे. घरी येऊन जेवली नाही. पंचांनी थोडं समजून घ्यायला काय होतं?

जुनी_शिट्टी
ताई, वाईट वाटणं साहजिक आहे. पण तो गुण कापणं बरोबर होतं. शूटरने बॉल रिंगला लागेपर्यंत रेषा शिवायची नाही, नाहीतर प्रत्येक जण उडी मारून अर्धा फूट पुढून टाकेल. उपाय सोपा आहे, तिला रेषेपासून वीतभर मागे उभं करा. रेषेला नाक लावून उभं राहायची सक्ती कुठेच नाही, अर्धवर्तुळाच्या आत पुरेशी जागा असते.

विदर्भकन्या_पंच
इथे मी दादांशी पूर्ण सहमत नाही. १७ खालील मुलींच्या मॅचमध्ये पहिल्यापासून कडक. पण अगदी लहान गटात, जिथे मुलं पहिल्यांदाच स्पर्धा खेळतात, तिथे मी पहिल्या थ्रोच्या आधीच सांगते, 'बेटा, मागे राहा, रेषेवर उतरू नको.' शिट्टी वाजवायच्या आधी बोलायला पैसे लागत नाहीत. आणि मुळात मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर आणि फ्री थ्रो रेषा बोर्डापासून ४ मीटरवर असते ती याचसाठी. आपल्याकडे दहा वर्षांच्या पोरांना ३.०५ च्या रिंगवर आणि ४.६० च्या रेषेवरून टाकायला लावतात आणि वर म्हणतात, शूटिंगची पद्धत खराब आहे.

जुनी_शिट्टी
बोलायचं, पण दोन्ही संघांशी सारखंच बोलायचं. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, की बोंब ठरलेली.

प्रा_खडू
विषय रेषेचा निघालाच आहे तर माझं दुखणं ऐका. मी क्रीडा शिक्षक. आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर अजूनही बास्केटसमोरचा जुना समलंब चौकोन रंगवलेला आहे. फिबाने २०१० मध्ये तो काढून सरळ आयत आणला, ४.९० मीटर रुंद, आणि तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ वर नेली. आमच्या रंगाऱ्याला अजून कोणी कळवलं नाही. त्यावर व्हॉलीबॉलच्या रेषा, त्यावर खो-खोच्या. फ्री थ्रोच्या वेळी रांगेत पोरं कुठे उभी राहणार? समलंबाच्या तिरक्या बाजूने उभी केली तर बोर्डाजवळचा बचावपटू बास्केटपासून लांब जातो.

मी मॅचच्या सकाळी खडूने आयत आखून घेतो. बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.७५ मीटर सोडून पहिली जागा ८५ सेंटीमीटरची, मग ४० सेंटीमीटरचा मोकळा पट्टा, मग ८५-८५ च्या दोन जागा. दुपारपर्यंत खडू पुसला जातो आणि पंच आठवणीने निर्णय देतात. मग 'पाय आत होता का' या प्रश्नाला काय अर्थ उरतो?

विदर्भकन्या_पंच
सर, बाजूच्या रेषा आयतातच मोजल्या जातात हेही लक्षात असू द्या. रेषेवर बूट आला म्हणजे आत आला. खडूची रेषा जाड काढली की पोरांची अर्धी वीत तिथेच जाते.

रेशीमबागकर
खडूऐवजी मास्किंग टेप लावा सर. मे महिन्यातल्या उन्हात सिमेंट तापून टेपचा डिंक सुटतो, पण हिवाळ्यातल्या स्पर्धांना चालते. आम्ही तेच करतो.

अंबाझरी_वॉकर
इथे आलेला दिसतोय तो प्रत्येक जण पंच आहे. मी साधा प्रेक्षक. शूटर बॉल पाच-सहा वेळा आपटतो, टी-शर्टला हात पुसतो, वर बघतो, नमस्कार करतो. हे सगळं ५ सेकंदांत बसतं?

पोट्टा_नंबर_७
१० सेकंद असतात काका.

जुनी_शिट्टी
आता सांगतो तो फरक. १० सेकंद एनबीएमध्ये. फिबामध्ये ५. २०२१ च्या एनबीए प्लेऑफ्समध्ये यानिस अँटेटोकुम्पो थ्रोला उभा राहिला की प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावरचे प्रेक्षक मोठ्याने एक ते दहा मोजायचे, तेव्हापासून इथल्या पोरांच्या डोक्यात १० बसलेत. मजा म्हणजे तोच माणूस फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये १९ पैकी १७ फ्री थ्रो मारून ५० गुण करून गेला.

आपल्याकडे समोरच्या संघाची पोरं साइडलाइनला बसून मुद्दाम भरभर 'एक-दोन-तीन-चार-पाच' ओरडतात. शूटर घाबरून घाईत टाकतो. पंचाची मोजणी हाताने दिसते, तिच्याकडे बघायला शिकवा. प्रेक्षक ओरडले म्हणून थ्रो परत मिळत नाही. गोंगाट हा मैदानाचाच भाग आहे.

अंबाझरी_वॉकर
आणि दोन्ही हातांनी खालून, पायांच्या मधून टाकला तर? आमच्या काळी एक जण टाकायचा, सगळे हसायचे, पण जायचा आत.

विदर्भकन्या_पंच
चालतो. कुठल्याही पद्धतीने टाका, बॉल वरून आत जायला किंवा रिंगला लागायला हवा, बस. अमेरिकेत रिक बॅरी आयुष्यभर खालून टाकायचा आणि त्याची एनबीएमधली टक्केवारी ९० च्या आसपास. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला एका मॅचमध्ये १०० गुण केले त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो होते, आणि त्या हंगामात तोही खालूनच टाकायचा. नंतर त्याने सोडून दिलं, लोक काय म्हणतील म्हणून.

धंतोलीची_आई
हे मुलीला सांगून पाहते. मारेल मला.

तर्रीबाज
विषय भरकटून राहिला म्हणून मीच एक कोडं टाकतो. शेवटचा फ्री थ्रो. बॉल रिंगला लागून वर नाचतोय. बचाव करणाऱ्या पोट्टीने बाहेर मारायला हात घातला आणि चुकून आतच ढकलला. किती गुण, कोणाच्या नावावर? जुनी शिट्टी सोडून बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.

पोट्टा_नंबर_७
१ गुण. फ्री थ्रोच आहे ना.

प्रा_खडू
गुणच नाही? बचावाने हात लावला म्हणजे थ्रो संपला.

स्कोअरटेबलवाली
हे माझ्या वहीतलं आहे! २ गुण. रिंगला लागल्यानंतर कोणीही नियमात राहून बॉलला हात लावला आणि तो आत गेला, की तो फ्री थ्रो राहत नाही, साधी दोन गुणांची बास्केट होते. आणि स्वतःच्याच बास्केटमध्ये चुकून टाकला म्हणून तो समोरच्या संघाच्या मैदानावरच्या कॅप्टनच्या नावावर लिहायचा. शूटरच्या नावावर नाही. एकदा शूटरचे वडील टेबलवर येऊन भांडून गेलेत.

तर्रीबाज
ताई पास. पोहे लागू.

जुनी_शिट्टी
याचाच भाऊ सांगतो. शेवटचा थ्रो बास्केटकडे हवेत आहे, रिंगला अजून लागलेला नाही, आणि बचावपटूने तो अडवला. गुण १ मिळतोच, वर त्या खेळाडूवर टेक्निकल फाउल. आणखी एक फ्री थ्रो. उंच पोट्ट्यांना हे सांगून ठेवा, उत्साहात करतात.

वकील_सिव्हिल_लाइन्स
मूळ प्रकरणाकडे येतो, कारण माझं समाधान झालेलं नाही. नियमाच्या अक्षराप्रमाणे बाण, हे मान्य. पण शिट्टी दाबून ठेवणं ही पद्धतच गोंधळाची मुळी आहे. लालच्या मुलीने पाय टाकला त्याच क्षणी वाजवली असती, तर शूटरने थ्रोच टाकला नसता, एअरबॉल झाला नसता, आणि तिला पुन्हा शांतपणे टाकता आला असता. मग नियम असा का, की आधी निकाल बघा आणि मग चूक मोजा?

विदर्भकन्या_पंच
कारण त्याच क्षणी वाजवली आणि थ्रो आत जाणारा असेल, तर शूटरचं नुकसान कोणी केलं? पंचाने. बॉल हातातून सुटण्याच्या बेतात, कानात शिट्टी, आणि कदाचित पुढच्या वेळी तो चुकेल. म्हणून थांबायचं. थ्रो गेला तर सगळं माफ, खेळ चालू. चुकला तरच मागे जायचं. उलट शूटरने हात वर नेऊन मध्येच थांबवला, नाटक केलं आणि त्याला फसून बचावातली आत आली, तर तिथे थांबायचं नाही. ते शूटरचंच उल्लंघन, लगेच शिट्टी.

थांबण्याचा तोटा काय, तर असा एखादा एअरबॉल. तुमच्या प्रकरणात तोच नेमका आला.

वकील_सिव्हिल_लाइन्स
हे पटलं. बाण मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

स्कोअरटेबलवाली
सगळ्यांचे आभार. आता पुढचा प्रश्न, आणि खरं तर याचसाठी धागा काढला होता. लालच्या कोचना अपील करायचं होतं. आयोजकांनी सांगितलं, आता काही होत नाही. टेबलवर बसून माझ्या मनात तेव्हाच बाण आला होता. टेबलने तिथे तोंड उघडायचं असतं का? की पंचांचा निर्णय म्हणून गप्प बसायचं?

जुनी_शिट्टी
चांगला प्रश्न. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, दुरुस्त करता येणाऱ्या चुका, कलम ४४. त्यात चारच प्रकार : नको असलेला फ्री थ्रो दिला, हक्काचा दिला नाही, भलत्याच खेळाडूला टाकू दिला, किंवा गुण चुकीने दिले अथवा कापले. आपल्या प्रकरणात परत दिलेला थ्रो पहिल्या प्रकारात बसतो. पण मुदत असते. चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग पहिल्यांदा बॉल डेड झाला (खेळ थांबला), आणि त्यानंतर बॉल पुन्हा जिवंत झाला, की ते दार बंद. तुमच्या मॅचमध्ये दार उघडं असताना कोणी बोललंच नाही.

दोन, प्रोटेस्ट, म्हणजे निकालावर अधिकृत हरकत. कॅप्टनने मॅच संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचांना सांगायचं आणि स्कोअरशीटवर त्या ठरलेल्या चौकटीत सही करायची. पण त्याची कारणंही मोजकीच आहेत : गुण किंवा घड्याळाच्या नोंदीतली न सुधारलेली चूक, मॅच रद्द-पुढे ढकलणं-बहाल करणं असे निर्णय, आणि खेळाडूची पात्रता. 'पंचाने नियम चुकीचा लावला' असं कारण त्या यादीत नाही. म्हणून आयोजक म्हणाले ते बरोबर. स्थानिक स्पर्धेचे स्वतःचे नियम वेगळे असतील तर ते आधी वाचून घ्यायचे.

टेबलने निर्णय द्यायचा नाही. पण बॉल डेड असताना पंचांना जवळ बोलावून हळू आवाजात, 'सर, दोन्हीकडून आहे का? बाण लालकडे आहे' एवढं विचारायला पूर्ण मोकळीक आहे. चांगला पंच रागावत नाही. बाण सांभाळणं हे तर तुमचंच काम.

विदर्भकन्या_पंच
सहमत. मी मॅचच्या आधी टेबलला स्वतःच सांगते : शेवटच्या दोन मिनिटांत मी फ्री थ्रो द्यायला निघाले आणि तुम्हाला शंका असेल, तर हात वर करा, मी येते. माझ्या सहपंचाशीही तेव्हाच ठरवते की शेवटच्या थ्रोला शिट्टी दाबली तर दोघांनी एकमेकांकडे बघायचं, मगच निर्णय. पाय लीडकडे, रिंग ट्रेलकडे. दोघांची माहिती जोडली नाही की असंच होतं : एकाला पाय दिसतो, तो थ्रो परत देतो, दुसऱ्याला एअरबॉल दिसतो, तो गप्प राहतो.

पोट्टा_नंबर_७
म्हणजे दोन पंचांना मिळून एक नियम माहीत होता 😄

प्रा_खडू
सातव्या नंबरा, पंच परीक्षेचा फॉर्म भर. मग बोल.

पोट्टा_नंबर_७
सर मी तर खेळून राहिलो ना. बरं एक सांगा, थ्री-बाय-थ्रीमध्येपण (तीन-तीन खेळाडूंच्या मॅचमध्ये) हेच का? पुढच्या महिन्यात आमची आहे.

विदर्भकन्या_पंच
रांगेचे आणि शूटरचे बरेचसे नियम तेच, थ्रोंची संख्या वेगळी. आर्कच्या (बास्केटभोवतीच्या मोठ्या कमानीच्या रेषेच्या) आतून टाकताना फाउल झाला तर १ थ्रो, बाहेरून २. संघाचे ७, ८, ९ वे फाउल २ थ्रो, १० व्यापासून २ थ्रो आणि वर बॉलही. १० मिनिटं किंवा २१ गुण, त्यामुळे एक-एक थ्रो महाग पडतो. सविस्तर विचारायचं असेल तर वेगळा धागा काढ, इथे ताईंचा विषय आहे.

वकील_सिव्हिल_लाइन्स
शेवटचं विचारतो आणि गप्प बसतो. समजा दोन्ही पंचांनी बोलून बाणच दिला असता. लालला बॉल, ५१-५१, ३ सेकंद. निळ्याच्या पालकांनी मैदान डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा पंचाने काय सांगायचं?

जुनी_शिट्टी
पालकांना काहीच नाही. दोन्ही कॅप्टनना बोलवायचं, एक वाक्य : 'लालचा पाय आधी, निळ्याचा बॉल रिंगला नाही, दोन्हीकडून, बाण लाल.' बोटाने बाण दाखवायचा आणि बॉल द्यायला चालू पडायचं. दुसरं वाक्य बोललात की मॅच नाही, सभा सुरू होते.

धंतोलीची_आई
पालक म्हणून सांगते, ते एक वाक्य माइकवर पण सांगा हो. आम्हाला वर बसून काही कळत नाही, म्हणून ओरडतो.

रेशीमबागकर
माइक दिला तर त्यावर आधी अर्धा तास सत्कार होतात.

स्कोअरटेबलवाली
😂 माइकचं आयोजकांना विचारते. पुढच्या शनिवारी परत टेबल आहे. प्रा_खडू सर, तुमच्याकडचा नीट स्टँडवाला बाण मिळेल का दोन दिवसांसाठी? पुठ्ठ्याचा आता फिरतच नाही, वाकला आहे.

प्रा_खडू
शुक्रवारी चारनंतर शाळेत या. पिन तुमची आणा.